उष्टी हळद

उधव्याहून उष्टी हळद घेऊन नवऱ्याकडची मंडळी कैनाडच्या मांडवात उतरली, तेव्हा नवरी पाटावर नव्हती. रुचिता ओटीवर मांडी घालून बसली होती आणि गोलकीपरच्या पॅडांचे पट्टे ओढून ओढून बघत होती. पॅड कसले, दोन गाद्याच त्या.

"हे काय गो?" पुतळीआत्या हाताला तेल चोळत पुढे आली. घरात हळद लावायचा मान तिचा. "आज हे घेऊन बसायचा दिवस आहे?"

"आत्या, मला हळद लावू नकोस. संध्याकाळच्या गाडीने निघायचंय मला."

मांडवातला बेंजो थांबला. थांबणारच. ती बोललीच तेवढ्या मोठ्याने.

तासाभरापूर्वी दिल्लीहून प्रशिक्षकांचा फोन आला होता. आशियातल्या देशांची आइस हॉकीची स्पर्धा, भारताच्या मुलींचा संघ उद्या रात्री दुबईला निघणार, आणि आज सकाळी सरावात गोलकीपरचं मनगट मोडलं. तिच्या जागी उभी राहील अशी एकच, ती ही. डहाणूत चाकांच्या स्केट्सवर शिकलेली, मग लडाखच्या बर्फावर पडून पडून पक्की झालेली. लग्न ठरलं म्हणून यंदा घरी राहिली होती. प्रशिक्षक म्हणाले, तू नाही आलीस तर कुठल्या तरी पोरीला पॅड बांधून गोलात उभं करायचं, दुसरं काय.

"दुबईत कुठला आलाय बर्फ?" मांडवातून कोणीतरी विचारलं.

"मशीनने करतात," रुचिता म्हणाली आणि पुढचा पट्टा ओढला.

तिचे बाबा शांताराम खांबाला धरून उभे होते. पोरीला रागवावं की समजवावं, त्यांना सुधरत नव्हतं. "अगं, परवा लग्न आहे. गाव जेवायला सांगितलंय."

"लग्न मोडत नाहीये मी, बाबा. पंधरा दिवसांनी इथंच करू. पण एकदा हळद लागली की तुम्ही मला वेस ओलांडू देणार नाही. म्हणून आधी सांगते."

खरंच होतं ते. हळद लागलेल्या माणसाने लग्नाच्या दिवसापर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही. बाकी कशात तडजोड होईल, पण या बाबतीत पुतळीआत्यापुढे भल्याभल्यांचं काही चालत नसे.

तेवढ्यात हळदीची वाटी पदराखाली धरून उभी असलेली स्वप्ना, नवऱ्याची बहीण, हळूच म्हणाली, "वहिनी, पण दादाला तर सकाळीच लागली."

अरे देवा! हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. रुचिताच्याही नाही. आधी नवऱ्याला लावायची आणि त्यातलीच उरलेली नवरीला पाठवायची, म्हणून तर ती उष्टी. लागलेली हळद काही माघारी घेता येत नाही. म्हणजे देवेशने पंधरा दिवस उधव्यात बसून राहायचं? तलासरीच्या शाळेत मास्तर तो. चांगला माणूस. रुचिताला मनापासून आवडलेला.

तो नाही म्हणाला तरी ती जाणार होती, आणि भीती नेमकी याचीच वाटत होती. तिने सगळ्यांसमोर फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"देवेश, टीममध्ये बोलावलंय मला. आजच निघते. लग्न पंधरा दिवस पुढं ढकलूया. आणि तुला हळद लागलीय."

पलीकडे नुसता गलका. मग तो म्हणाला, "म्हणजे तोवर मी घरात?"

"हो."

"शाळेत रजा वाढवावी लागेल."

"मग वाढव ना."

तो हसला. निदान तिला तसं वाटलं. पण तेवढ्यात फोन त्याच्या आईने, चंद्रिकाबाईंनी, ओढून घेतला.

"काय चाललंय काय तुमचं? लोक तोंडात शेण घालतील आमच्या! नवरी फिरते दुबईला आणि नवरा घरात! पंधरा दिवस कोंडून घ्यायला माझा पोरगा काय बाईमाणूस आहे?"

रुचिताने पॅड उचलले आणि बॅगेत कोंबायला लागली. डोळे भरले होते, पण हात थांबले नाहीत.

पुतळीआत्याने तेलकट हातानेच फोन उचलला.

"चंद्रिकाबाई, पुतळी बोलते. माझ्या लग्नात सासरा आजारी पडला, लग्न लांबलं. मी हळदीच्या अंगाने महिना काढला घरात. तेव्हा कोणी नाही विचारलं, ही कशी राहील म्हणून."

"अहो, पण तुमची गोष्ट..."

"हळद कोणाला लागलीय? तुमच्या पोराला. आमची पोर अजून कोरी आहे, तिला कुठंही जाता येतं. रीत म्हणजे रीत. जावयाकडे द्या फोन."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला. आत्याने दुसऱ्या हाताने स्वप्नाला खूण केली: वाटी झाक, परत ने.

"बोला आत्या," देवेश म्हणाला.

"जावईबापू, पोर खेळून येईस्तोवर वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. हळदीचं अंग आहे तुमचं."