थोरलीची खुर्ची
कनेक्टिकटच्या जुन्या दफनभूमीत लोइसला घराण्याची मूळ आजी सापडली, पण थडग्यावर कोरलं होतं: मेहिटेबल, वय वर्षं चार. घरी आत्या विणता विणता म्हणाली, "चार वर्षांच्या पोरीचा वंश कसा चालेल गं? आपण काय भुताची अवलाद?" मग कोर्टाच्या तळघरात मेहिटेबलच्या बापाचं मृत्युपत्र मिळालं. त्यात एक ओळ होती: 'थोरल्या मेहिटेबलची लाल खुर्ची धाकट्या मेहिटेबलला.' गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला द्यायची तेव्हा रीतच होती. लोइस स्वप्नात चालल्यासारखी घरी आली आणि तिनं आत्याला ती ओळ वाचून दाखवली. आत्याचे हात थांबले. शेजारी ती बुटकी, रंग उडालेली लाल खुर्ची होती, पिढ्यान्‌पिढ्या लोकरीची टोपली वागवणारी. आत्यानं टोपली जमिनीवर ठेवली, खुर्ची उन्हाकडे वळवली आणि हळूच म्हणाली, "इतकी वर्षं उभीच होती गं आपली थोरली पोर."