मिटत आलेली वाट

वेशीपाशी पहिलं फूल मिटलं. मग रस्त्याच्या दोन्ही कडांची फुलं एकामागून एक मिटू लागली. पिवळ्याधमक कुंपणावरून सावली सरकावी तशी ती हिरवी लाट घराकडे येत होती.

"आई, बघ ना!" ओवी श्वास रोखून म्हणाली.

वृंदाने लेकीला आत पाठवून दाराला बाहेरून कडी घातली. बलात्काराची शिक्षा भोगून सुटणाऱ्याची नोंद आता रक्तात होत असे. कायद्याने टोचलेला तो गंध माणसांना येत नसे, पण गावोगावच्या या कुंपणांना लांबूनच कळे आणि त्यांची फुलं मिटत.

तिचा भाऊ जयवंत फाटकाबाहेर थांबला. वृंदाने फाटकावरूनच रीतीप्रमाणे त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. त्याने सवयीने पाऊल उचललं.

फाटक तिने उघडलं नाही. "आत नको, दादा. ओवी आहे."

तो मिटलेल्या कुंपणाकडे बघत राहिला. "उघडल्यावर कशी दिसतात गं ही? सुटल्यापासून मी एकही उघडं फूल पाहिलं नाही."

वृंदा म्हणाली, "समोरची चित्रा आठवते ना? तू जे केलंस त्यानंतर कित्येक वर्षं ती उंबऱ्याबाहेर आली नाही. आता येते. फुलं उघडी असली की येते."

तो वळला. तो दूर जाईल तशी फाटकापासून फुलं उमलत गेली, अख्खा रस्ता पेटल्यासारखा सोनेरी झाला. वृंदा भान हरपून बघत राहिली.

मग समोरचं दार उघडलं.