तिसावं पान

नाशिकच्या फुटपाथवर घेतलेल्या पटकथालेखनाच्या पुस्तकात बजावलं होतं: सिनेमा एकशे वीस पानांचा, आणि तिसाव्या पानावर नायिकेनं घर सोडलंच पाहिजे. आमच्याकडं निफाडला द्राक्षबागेचे दिवसही छाटणीपासून एकशे वीसच मोजतात. म्हणून छाटणीच्या दिवशी मी पहिलं पान लिहिलं, मग रोज एक. तिसाव्या दिवशी नायिकेबरोबर मीही पिशवी भरली. पुण्यात पटकथेचं शिबिर होतं. दारातच सासऱ्यांनी अडवलं. "कुठं निघाली, अलका? बाग तीस दिवसांची झाली. उद्या शेंडे खुडायचे. मजूर नाय मिळत." नवऱ्यानं हातातली पिशवी काढून घेतली. "पुढच्या वर्षी जा ना." मागच्या वर्षीही तो हेच म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी मी शेंडे खुडत होते. एकशे विसाव्या दिवशी आमची द्राक्षं कंटेनरमधून लंडनला निघाली. माझी नायिका मात्र अजून तिसाव्या पानावर, दारातच उभी आहे.