डोळे उघडे, तोंड मिटलेलं

बाळ शेवटी त्या नवरा-बायकोला मिळालं. सही-शिक्क्यासकट, रीतसर मिळालं. आता हे वाचलंच नाही असं समजा, कारण सध्या बाळ फोटो स्टुडिओत आहे आणि कोणाचंच नाही. संस्थेने त्याच्यावरचं आपलं नाव काल खोडलं, यांचं उद्या चढणार. मधला आजचा दिवस सरकारच्या नजरेतून सुटला होता.

त्या परक्या शहरात पासपोर्ट कचेरीला चिकटूनच हा स्टुडिओ होता. दत्तक मूल न्यायला बाहेरून येणारी जोडपी हेच त्याचं गिऱ्हाईक. त्यामुळे फोटोग्राफरला कामापुरत्या पुष्कळ भाषा येत, यांचीसुद्धा.

"डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे सगळं पांढरं, आणि कोणाचा हात दिसता कामा नये," त्याने एका दमात सांगितलं. "ताई, तुम्ही चादरीखाली बसा. बाळ मांडीवर."

बाळाला अजून धड बसता येत नव्हतं, म्हणून ही युक्ती. आईवर (उद्यापासून आई, आज नुसतीच एक बाई) पांढरी चादर टाकली की तिची भिंत होते.

ती भिंत झाली. आत साबणाचा वास होता, आणि तोंडापाशी लिपस्टिकचे पुसट डाग, निरनिराळ्या रंगांचे. तिच्याआधीही बऱ्याच जणी इथे भिंत होऊन गेल्या होत्या. तिने चादरीतूनच बाळाला धरलं. बाळ फळीसारखं ताठ झालं आणि त्याने टाहो फोडला.

हॉटेलात आणल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. दूध प्यायचं ते खिडकीकडे तोंड करून, जणू बाटली हवेतच लटकलीय.

"थांबा, मी गप्प करतो," नवरा म्हणाला आणि त्याने हत्ती केला. मग माकड केलं. मग काहीच सुचेना तेव्हा आपले साहेब केले. बाळाचा आवाज आणखी चढला.

"जीभ दिसली की फोटो परत येतो," फोटोग्राफर म्हणाला. "आज जमलं नाही तर तारीख एकदम पुढच्या महिन्यात. तोवर बाळ परत संस्थेत."

चादरीखालून आवाज आला, "माझं काय चुकतंय?"

फोटोग्राफरने दाराकडे हनुवटी उडवली. "बाहेरच्या मावशींना बोलवा. शेवटी सगळे बोलावतातच."

मावशी म्हणजे संस्थेत बाळाला सांभाळणारी. सवय लावून द्यायला ती एवढे दिवस सोबत येत होती. आज कचेरी बंद झाली की तिने निघून जायचं, बाळाला कळू न देता. निरोप घ्यायचा नाही, असा नियमच होता. म्हणून आत्तापासूनच ती फुटपाथवर, काचेतून दिसणार नाही अशा बेताने उभी होती.

"नको," चादरीखालची बाई म्हणाली.

"अगं, फोटोपुरतं."

"तिने घेतलं की ते लगेच गप्प बसेल."

"मग? तेच तर हवंय ना आपल्याला?"

चादर उतरली, आणि भिंतीची पुन्हा बाई झाली.

मावशी आली. चादर कशी ओढून घ्यायची, पाय कुठे दुमडायचे, तिला काही सांगावं लागलं नाही. ती स्टुलावर बसली आणि नाहीशी झाली. त्या पांढऱ्या ढिगावर बाळाला ठेवलं, आणि कोणी नळ बंद करावा तसं रडणं थांबलं. ना चेहरा दिसत होता, ना हात. बाळाने पाठीनेच ओळखलं.

मग त्याने समोर पाहिलं. सरळ हिच्याकडे, उद्याच्या आईकडे. पहिल्यांदाच.

"बघ, बघ, तुझ्याकडे बघतंय!" नवरा कुजबुजला.

हिने हात वर केला, आणि तेवढ्यात चादर हलायला लागली. आधी जराशी, मग चांगलीच. आवाज मात्र येत नव्हता. फोटोग्राफर तिथल्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात तिला?"

"बॅकग्राउंड हलतंय म्हटलं."

चादर थांबली. फ्लॅश उडाला. मग आतून हळू आवाजात दोन-चार शब्द आले.

"ती म्हणतेय, नीट आला नसेल तर परत काढा. कितीही वेळा. तिला घाई नाहीये."

फोटो नीट आला होता. फक्त चादरीच्या चुणीतून एक बोट बाहेर डोकावत होतं, धुणी धुऊन धुऊन पांढरं पडलेलं, नखापाशी चिरलेलं. बाळाने ते मुठीत घट्ट धरलं होतं.

"पुसून टाकतो," फोटोग्राफर म्हणाला.

"राहू द्या ना."

"ताई, फोटोत मूल एकटंच दिसावं लागतं. नाहीतर अर्ज नामंजूर."

"आणि मूठ?"

"मूठ राहील."

त्याने बोट पुसलं. आता बाळाने घट्ट मुठीत काहीच धरलेलं नव्हतं. कोपऱ्यात मावशी चादरीची घडी करत होती. कोपरे जुळवायची, मोडायची, पुन्हा जुळवायची. बाळ हिच्या कडेवर परत फळी झालं होतं आणि मान वळवून त्या चादरीकडे बघत होतं.

अर्जाच्या मागच्या पानावर, तळाशी, 'अन्य काही कळवायचे असल्यास' असा एक रिकामा रकाना होता. कचेरीची खिडकी बंद व्हायच्या आत हिने तो उभ्याउभ्याच भरला:

"विनंती की, सोबतच्या छायाचित्रातून काढून टाकण्यात आलेले बोट हे सदर बाळाच्याच शरीराचा भाग समजण्यात यावे, व ते बाळासोबत देशाबाहेर नेण्याची परवानगी मिळावी. कळावे."