वस्तरा तयार ठेव

"मकऱ्या, तुझ्या या म्हाताऱ्या स्पोर्ट्स कारचा ब्लोअर का बंद पडलाय, ते रविवारपर्यंत शोधून दाखव. हरेल त्यानं अख्ख्या कॉलनीसमोर मिशी उतरवायची!" श्रीनिवासनं विद्यानगरच्या गल्लीत आरोळीच ठोकली.

"हौ मियाँ, वस्तरा तयार ठेव," शेजारचा मकरंद म्हणाला.

श्रीनिवासला आतून गुदगुल्या होत होत्या. ब्लोअरच्या पंख्यात त्यानंच आपला जुना मोजा कोंबला होता.

मकरंदनं फ्यूज बघितला, मग बॅटरीवरून थेट वायर लावली. मोटर नुसतीच गुरगुरली. "मोटर जिवंत आहे, श्रीन्या. पंख्यात काहीतरी अडकलंय. उद्या खोलतो."

"खोल, मग मानतो," श्रीनिवास मिशीला पीळ देत म्हणाला.

संध्याकाळी भर पावसात मकरंद बायकोला आणायला नामपल्ली स्टेशनकडे निघाला. काच आतून वाफेनं पांढरी झाली, आणि ती वाफ घालवायला ब्लोअर नव्हता. पुढं उभी असलेली लॉरी त्याला दिसलीच नाही.

मकरंदला मूलबाळ नव्हतं. दहाव्याला घाटावर श्रीनिवास आपणहून वस्तऱ्याखाली बसला. "याला म्हणतात दोस्ती!" जमलेली कॉलनी हळहळली.



मिशी उतरली तेव्हा श्रीनिवास एवढंच पुटपुटला, "जिंकलास, मकऱ्या."