देवाच्या डोहातले रोहू

"देवाच्या डोहात जाळं? डोकं ठिकाणावर हाय का, साहेब?"

कस्तुराबाई पायरीवरून उठलीच नाही. देवळाची झाडलोट तिच्याकडे होती, आणि झाडलोटीबरोबर देवाची राखणही तिने स्वतःहून अंगावर घेतली होती.

गुरुलिंगने चपला काढून बाजूला ठेवल्या. ज्याच्या घरात सात पिढ्यांत माशाचा वास शिरला नाही, अशा माणसाला सरकारने लातूरच्या मत्स्यबीज केंद्रावर नेमलं होतं. "मारायला न्हाई नेत, मावशी. पिल्लं काढायला नेऊन राहिलो. दोन जोड्या द्या."

"तुमच्याकडं मासे न्हाईत का?"

होते, तेच तर दुखणं होतं. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वाटणीत चार खुर्च्या, एक मोडकं कपाट आणि एक पिंप रोहू आले. त्या एका पिंपावर केंद्राची सगळी तळी भरली. पिल्लांची पिल्लं झाली, त्यांचीही झाली, सगळी आपसातच. आता अंडी नासत होती, आणि जी पिल्लं निघत ती शेपटीकडे वाकडी. वर कळवलं तर वरून उत्तर आलं, माणसांना प्यायला पाणी नाही, तुम्ही माशांचं काय घेऊन बसलात. नदीचा रोहू मिळाला असता तर बीज सुधारलं असतं. पण लेंडी नदी कोरडीठाक होती. मुखेडच्या अलीकडे या देवळामागे तेवढा एक डोह उरला होता, गढूळ, कमरेएवढा. इथला मासा महादेवाचा, म्हणून कुणी धरत नाही, कुणी खात नाही. याच एका आशेवर गुरुलिंग जीपमध्ये पिंप घालून आला होता.

"पाऊस झाला की परत आणून सोडतो," तो म्हणाला.

"शपथ घ्या."

त्याने गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि शपथ घेतली. मग कस्तुराबाईने मान हलवली. मुखेडहून आणलेला ग्यानबा भोई पाण्यात उतरला, त्याने जाळं फेकलं आणि हळूहळू ओढून काठाला आणलं.

मासे आले, हातभर लांबीचे, चांगले वजनदार. गुरुलिंग भराभरा खाली उतरला. ग्यानबाने एक रोहू दोन्ही हातांत धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि पुढे केला. मासा शेपटीकडे वाकडा होता. दुसराही तसाच. तिसराही. तो बाक गुरुलिंग केंद्रावर रोज बघत होता.

"मावशी, हे मासे इथलेच का?"

"आता इथलेच म्हणायचे. पहिले गेले की. दोन वर्सांमागं डोह पार आटला, देवाचे मासे चिखलात तडफडून मेले. आमी त्येंना हळदीकुंकू वाहून पुरलं. मंग पाणी आलं तवा गावानं पट्टी काढली, अन् तुमच्याच लातूरच्या केंद्रातून बी आणून सोडलं." तिच्या आवाजात अभिमान होता. "देवाचा डोह मोकळा कसा ठिवायचा? औंदा बी पाणी उतरलं, तर घरटी टँकरचा एकेक हंडा हितं आणून वतून राहिलोत. लेकरं तहानली, पर मासा मरू दिला न्हाई."

गुरुलिंगला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. रागवायचं म्हटलं तरी रागवणार कुणावर? त्याच्याच केंद्राने डबे भरून दिले होते, आणि या लोकांनी आपल्या तोंडचं पाणी काढून ते जगवले होते.

"काय झालं, साहेब? मासा म्हंजे मासा."

"मावशी, तुमी भावकीत सोयरीक करता का?"

"शिव शिव. असं कुठं असतं व्हय?"

"हे मासे अन् माझ्याकडचे, एकाच भावकीतले हायत."

कस्तुराबाई जाळ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं नसेल, पण तोंड उतरलं. "मंग दुसऱ्या गावचे बघा की."

"दुसऱ्या गावाला पाणीच न्हाई, मावशी."

ग्यानबाने जाळ्याची कड उचलून धरली. "सोडू का परत?"

जीप वर उभी होती, पिंप पाण्याने भरून तयार होतं. गुरुलिंग चिखलात उकिडवा बसला आणि एकेक मासा हातात घेऊन त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवू लागला. थोड्या वेळाने कस्तुराबाई पायऱ्या उतरून आली. तिने पदर खोचला, त्याच्याशेजारी बसली, आणि त्यातल्या त्यात कमी वाकडा मासा तीही शोधू लागली.