कुमुदताईंच्या मनगटावरचा आकडा

कुमुदताईंच्या मनगटावरच्या पट्ट्याने ब्याण्णव दाखवले आणि मुलाखत घेणारे डॉ. कारखानीस खुर्चीत चुळबुळले. समोरचा डॉक्टर आपलं ऐकतोय असं रुग्णाला जितकं वाटेल, तितका हा आकडा चढतो. बाकीच्या उमेदवारांचा आकडा चाळीसच्या आसपासच अडकला होता. शिवाय आज रुग्ण म्हणून बसलेल्या कुमुदताई त्यांच्याच पत्नी होत्या.

“पट्टा बिघडलाय. उठा, मी बघतो.” समोरच्या तरुण उमेदवाराला, डॉ. खोपकरांना, उठवून ते स्वतः स्टुलावर बसले. “हं, कुमुद, बोल. गुडघाच ना?”

आकडा अकरावर आला.

“अगं, एकतीस वर्षं ऐकतोय मी तुझं!”

नऊ.

“काय विचारलंत हो तुम्ही हिला?” ते खोपकरांवर खेकसले.

“काही नाही सर. त्या बोलत होत्या, मी गप्प होतो.”

एवढंच ना? कारखानीसांनी ओठ घट्ट मिटले आणि ते बायकोकडे नुसते पाहत राहिले.

कुमुदताईंनी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावला. “अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

खोपकरांना संध्याकाळच्या आत नेमणुकीचं पत्र मिळालं. शवविच्छेदन विभागात.